शुक्रवारचं पाणी

आमच्या इमारतीचं नाव निर्झर. डोंबिवलीत, एमआयडीसीच्या निवासी भागात, चार मजली, सोळा बिऱ्हाडांची. नाव ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याने ते ठेवलं तेव्हा शुक्रवारी पाणी बंद ठेवण्याची पद्धत सुरू झालेली नव्हती. आता दर गुरुवारी संध्याकाळी सोळाही घरांतून एकच आवाज येतो, भांडी भरण्याचा. बादल्या, पिंपं, कळश्या, पातेली, एका घरात तर प्रेशर कुकरसुद्धा. शुक्रवार असा निघतो. शनिवारी सकाळी पाणी परत येतं आणि मग दुसरा आवाज येतो. जे काही भरलेलं उरलं असेल, ते मोरीत ओतण्याचा. शिळं पाणी कोण वापरणार?

मीही ओतत असे. शाळेत तेहेतीस वर्षं इतिहास शिकवला, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, आणि या दोन्ही काळांत माझ्या घरात शिळं पाणी राहिलेलं नाही.

दर शनिवारी सकाळी इमारतीतली तीन मुलं माझ्याकडे येतात. ऋजुता सहावीत, रत्नदीप सातवीत आणि शौनक चौथीत. ही शिकवणी नाही. आम्ही गोष्टी सांगतो, नकाशे काढतो आणि पोहे खातो. गेल्या जुलैमधल्या एका शनिवारी मी धोलावीरा काढलं होतं. कच्छमधलं साडेचार हजार वर्षांपूर्वीचं शहर. भोवती खारट जमीन आणि पाऊस अगदी थोडा. त्या लोकांनी पावसाळी ओढ्यांना बांध घातले, पाणी वळवलं आणि खडकात मोठमोठे हौद खोदून त्यांत साठवलं. मी हे हातवारे करून सांगत होते आणि पोहे परतता परतता एकेक कळशी मोरीत रिकामी करत होते.

ऋजुताने हात वर केला. तिला माझ्या स्वयंपाकघरातही हात वर करायची सवय आहे.

"टीचर, धोलावीराचे लोक शनिवारी काय करायचे?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं पाणी पण शिळं व्हायचं ना? मग ते कुठे ओतायचे?"

माझ्या हातात तिसरी कळशी होती. मी ती खाली ठेवली. ओतून झाली होती, म्हणून ठेवली.

त्या दिवशी धडा लांबला. जॉर्डनमधल्या पेट्राचे लोक वाळवंटात डोंगरावरून येणारं पाणी पन्हळींनी टाक्यांत आणायचे, ते सांगितलं. रोमन घराच्या मधोमध छप्पर उघडं ठेवून खाली कुंड बांधत, तेही सांगितलं. मग रत्नदीप म्हणाला, "टीचर, एवढं लांब कशाला जायचं? बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत आहेत की टाकी. आम्ही दर वर्षी जातो ना. प्रत्येक लेण्याच्या बाजूला एक. माझे आजोबा सांगतात, पावसाचं पाणी खडकातल्या नालीतून टाक्यात येतं, आणि भिख्खू वर्षभर तेच प्यायचे."

"बरोबर. आणि टाकं कोणी दिलं ते शेजारी कोरून ठेवायचे. तिथे एक लेख आहे, कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या टाक्याचा."

"कल्याणचा?" शौनकला हे अजिबात पटलं नाही. "कल्याणचा माणूस बोरिवलीला जाऊन पाणी देणार? कल्याणला द्यायचं ना!"

"आपल्या नळाचं पाणी कुठून येतं?" मी विचारलं.

"बारवी धरणातून," तिघेही म्हणाले. शाळेत कधी ना कधी ते पाठ केलेलं असतं.

"आणि धरणात?"

तोवर पोहे झाले होते आणि तिघांनीही ताटल्या पुढे केल्या.

पण ऋजुताचा प्रश्न माझ्या मानेवर बसला तो उतरेना. साठवलेलं पाणी किती दिवस चांगलं राहतं, हे या मुलांना पुस्तकातून नको, डोळ्यांनी दिसावं असं मला वाटू लागलं. आणि इमारतीच्या मागे टाकी होतीच. जमिनीखालची, दहा हजार लिटरची, भक्कम बांधलेली. नळाची लाइन बदलली तेव्हा पुढच्या बाजूला नवी टाकी झाली आणि ही तशीच पडून राहिली. सोसायटीचे सेक्रेटरी संदेश यांना ती बुजवायची होती. तिथे दोन गाड्या उभ्या राहतील, असं त्यांचं मोजमाप झालेलं होतं.

संदेश माझाच विद्यार्थी. पन्नाशीला आला तरी माझ्यासमोर शर्टाचं वरचं बटण लावतो. ऑगस्टच्या सभेत मी टाकी मागितली तेव्हा तो म्हणाला, "टीचर, तुम्ही म्हणता म्हणून. पण पब्लिकला पार्किंग पाहिजे. पाणी ठेवून ठेवून काय होणार? किडे होणार."

"मार्चपर्यंत थांब."

"ठीक आहे. मार्चचा दुसरा रविवार. सगळ्यांसमोर झाकण उघडू. पाणी स्वच्छ निघालं तर टाकी मुलांची. नाहीतर सोमवारी डेब्रिजचा ट्रक. चालेल?"

"चालेल," माझ्याआधी शौनक म्हणाला.

मग मुलांनी जे काम केलं ते मी त्यांच्या कुठल्या वहीत पाहिलेलं नाही. गच्ची धुऊन काढली. सुरुवातीच्या सरींचं पाणी तसंच वाहू दिलं, कारण त्यात गच्चीवरची धूळ उतरते. पाइपच्या तोंडाशी पिंप ठेवून त्यात वाळू, खडी आणि कोळसा भरला. पाइपला जाळी बांधली. टाकी भरल्यावर झाकण घट्ट लावलं, कारण पाण्याला उजेड लागला की शेवाळ धरतं. किल्ली रत्नदीपकडे आणि जादाची किल्ली पोपटकडे. पोपट आमचा वॉचमन, पंपही तोच चालवतो. त्याची बायको मालन जिने झाडते. दोघं गेटजवळच्या खोलीत राहतात. मूळचे माण तालुक्यातले, साताऱ्याच्या दुष्काळी भागातले.

मुलं दर शनिवारी झाकणापाशी जाऊन उभी राहत. उघडायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून नुसतं झाकण बघत. फेब्रुवारीत एकदा शौनकने झाकणाला कान लावला.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"काहीच नाही. म्हणजे चांगलंय ना? सडलं असतं तर आवाज आला असता."

मार्चचा दुसरा रविवार जवळ आला तशी माझी झोप उडाली. टाकी गेली असती तर मला काही वाटलं नसतं. पण मी या मुलांना सांगितलं होतं की हजारो वर्षं माणसं असं करत आली आणि जगली. रविवारी पाणी हिरवं निघालं असतं तर मुलांनी टाकीला नाही, धोलावीरालाच खोटं ठरवलं असतं. आणि पाठोपाठ मला.

त्याआधीचा शुक्रवार मात्र नवलाचा गेला. सकाळी नऊला नळ कोरडे व्हायचे ते झालेच नाहीत. दुपारी पाणी, चारला पाणी, सहालासुद्धा पाणी. जिन्यात लोक एकमेकांना थांबवून विचारत होते. तिसऱ्या मजल्यावरची देवयानी म्हणाली, "सेक्रेटरींनी वर बोलणी केलेली दिसतायत." संदेश तेव्हा खालून येत होता. त्याने हे ऐकलं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. चेहरा नम्र करून फक्त एवढंच म्हणाला, "प्रयत्न चालू असतात."

शनिवारी सकाळी इमारतीत नेहमीचा आवाज आला. माझ्याही तीन कळश्या मोरीत गेल्या.

रविवारी अकरा वाजता सगळे टाकीभोवती जमले. खुर्च्या मांडल्या होत्या. मालनने टाकीभोवती रांगोळी काढली होती आणि स्वतः इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. संदेशने आपल्या मित्राला, सुदेशला आणलं होतं. तो एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याच्याकडे बाटल्यांची पेटी होती. रत्नदीपने कुलूप काढलं. पोपटने झाकण सरकवलं.

पाणी लख्ख होतं. तळाची फरशी दिसत होती. मला एकदम खाली बसावंसं वाटलं आणि खुर्ची होती म्हणून मी बसले.

सुदेशने काचेच्या नळीत पाणी घेतलं, उन्हात धरलं, वास घेतला. "गढूळपणा नाही, वास नाही." मग एका बाटलीतून दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. "आणि क्लोरीनसुद्धा आहे. अगदी प्रमाणात. संदेश, हे तर नळाच्या पाण्याइतकं चांगलं आहे. पास!"

टाळ्या पडल्या. संदेशने मोठ्या मनाने हार मानली. "टीचर, मानलं तुम्हाला. टाकी मुलांची. उद्याचा ट्रक कॅन्सल. एक बोर्ड लावू इथे, कमिटीच्या सगळ्यांची नावं घालून."

"कल्याणच्या सोनाराने टाकं निदान खोदून तरी दिलेलं," रत्नदीप माझ्या कानाशी पुटपुटला.

तेवढ्यात ऋजुताचा हात वर गेला.

"टीचर, पावसात क्लोरीन असतं?"

ते पिवळं पाणी पाहिल्यापासून मलाही तेच कळलं होतं. मी ते न कळल्यासारखं करत होते. टाळ्या चालू होत्या, टाकी वाचली होती, मुलं जिंकली होती. फक्त 'हो' म्हणायचं, किंवा 'नंतर बोलू' म्हणायचं. शौनक माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होता.

संदेश म्हणाला, "अगं ऋजुता, पास झालंय. आता कशाला?"

"नसतं," मी म्हणाले. "पावसात क्लोरीन नसतं. क्लोरीन नळाच्या पाण्यात घालतात."

"मग हे नळाचं पाणी आहे?" ऋजुताने विचारलं, आणि टाळ्या एकेक करत थांबल्या.

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे चीटिंग?" रत्नदीपने किल्ली मुठीत घट्ट धरली. "आईशपथ मी नाही हां. मी एकदाही उघडलेलं नाही."

तेव्हा मालन पुढे झाली. पदर खोचलेला, आवाज नेहमीचा, जिन्यात लागतो तेवढा.

"पोराला कशाला बोलताय? म्या बदललं."

"तू?" मी म्हणाले. "का गं मालन?"

"आवो बाई, सात म्हैन्याचं पानी! समदी मान्सं बगाया येनार, लांबचा पाव्हना येनार, त्यास्नी शिळं पानी दावायचं? तुमची अब्रू गेली आस्ती. म्हनून बेस्तरवारी ह्येंना म्हनलं, टाकी धुवून काढा, आन ताजं भरा. झाकन लावून टाका, बाई खूश हुतील." तिने पोपटकडे पाहिलं. पोपटने आकाशाकडे पाहिलं.

"अगं, पण ते पाणी? दहा हजार लिटर पाणी गटारात सोडलंस?"

आता मालनला राग आला. "गटारात? मी मानातली हाय बाई. पानी गटारात सोडाया माझा हात जाईल व्हय? वर चढीवलं."

"वर म्हणजे?"

"वरच्या टाकीत. गच्चीवर. नळाला. बेस्तरवारी दुपारी."

काही क्षण कोणाच्या काही लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं आणि एकेका चेहऱ्यावर ते उतरताना दिसू लागलं. गुरुवारी संध्याकाळी भरलेल्या बादल्या. शुक्रवारी दिवसभर न संपलेलं पाणी. देवयानी तोंडावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे आम्ही ते प्यायलो?"

"अगं, आंघोळ केली, डाळ शिजवली," तिच्या नवऱ्याने यादी पूर्ण केली. "आणि तू म्हणालीस, आज डाळ लवकर शिजली."

"मालनबाई, शिळं पाणी आम्हाला पाजलंत?" कोणीतरी ओरडलं.

"नळातनं आलं की ताजंच असतंय," मालन म्हणाली. सोळाही घरांचा तोच समज होता.

आता गोंधळ सुरू झाला. संदेशने हात वर केला आणि सेक्रेटरीचा आवाज काढला. "ऑर्डर, ऑर्डर. शुक्रवारच्या पाण्याबद्दल नंतर बोलू." हे तो का म्हणतोय, ते देवयानीला लगेच कळलं. "हो ना, प्रयत्न चालू असतात," ती म्हणाली. संदेश लाल झाला. पण नियम तो नियम. "अट अशी होती की टाकीतलं पावसाचं पाणी तपासायचं. टाकीत पावसाचं पाणी नाही. तपासणार काय? सॉरी टीचर, मला ट्रक कॅन्सल करता येणार नाही."

शौनकचे हात टाळीच्या मध्येच राहिले.

ऋजुता माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण प्रश्न आधी आला. "टीचर, गुरुवारी सगळ्यांनी भरून ठेवलेलं ना? मग कोणाकडे तरी उरलं असेल. तेच तपासू."

किती सरळ गोष्ट. मी उठून सगळ्यांना विचारलं, "गुरुवारी भरलेलं पाणी कोणाकडे शिल्लक आहे?"

सोळा घरं. देवयानीने शनिवारी सकाळी पिंप उलटं केलं होतं. चौथ्या मजल्यावर कुकर घासून ठेवला होता. रत्नदीपच्या आजोबांनी, दगडूंनी, माठ ठेवला होता, पण सुनेने त्यांच्या नकळत पालथा केला होता. एकेकजण मान हलवत होता.

"टीचर, तुमच्याकडे तर नक्की असेल," शौनक म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय."

सात महिने मी ज्या पाण्याची राखण केली होती, ते माझ्या घरी माझ्या नळातून येऊन माझ्या कळश्यांत बसलं होतं. आणि मी ते शनिवारी सकाळी, पोह्यांच्या आधी, मोरीत ओतलं होतं.

"नाही रे," मी म्हणाले. "मी ओतून दिलं."

मुलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी तेहेतीस वर्षं गृहपाठ न केलेल्या मुलांकडे पाहत आले आहे. ती कशी लागते ते मला त्या दिवशी कळलं.

संदेश घसा साफ करत होता. मग तो थोडा खालच्या आवाजात म्हणाला, "एक मिनिट. माझी बायको सोनल शुक्रवारी पहाटेच कल्याणला आईकडे गेली आहे. जायच्या आधी, गुरुवारी, तिने सगळं भरून ठेवलेलं. मला सांगून गेलेली, शनिवारी ओतून ताजं भरा म्हणून."

"मग?"

"मी... विसरलो."

"विसरलास की कंटाळा केलास?" मी विचारलं. जुनी सवय.

"कंटाळा केला, टीचर."

"बादली भरलेली आहे?"

"दोन बादल्या आणि एक पिंप. तीन दिवस त्याचाच चहा पितोय."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक थेट जिन्याकडे पळाले. शौनक सगळ्यांत पुढे. बादली खाली आली ती चार माणसांनी मिळून धरली होती, खरं तर एकालाही जड झाली नसती. सुदेशने नवी नळी घेतली. उन्हात धरली, वास घेतला. लख्ख, वास नाही. दोन थेंब टाकले. सगळे वाकून बघत होते. पाण्याला रंग आला नाही.

"क्लोरीन नाही," सुदेश म्हणाला. "हे पाऊसच आहे. दिसायला उत्तम. जंतूंचं मात्र लॅबमध्येच कळेल, चार दिवस लागतील."

संदेशने ट्रक चार दिवस पुढे ढकलला. घरोघरच्या बायकांनी मात्र एक मिनिटही वाट पाहिली नाही. गच्चीवरच्या टाकीत सात महिन्यांचं पाणी जाऊन आलं म्हणून ती त्याच दुपारी धुवायला लावली. धुणारे अर्थात पोपट आणि मालन. मालनने त्यातलं पाणी बादल्यांनी खाली आणून आवारातल्या झाडांना घातलं.

गुरुवारी अहवाल आला: वापरण्यास योग्य, पिण्याआधी उकळावे. संदेशने तो नोटीस बोर्डावर लावला आणि मला फोन केला. "टीचर, टाकी राहिली. आणि तो चहा उकळलेलाच होता, हे जरा सगळ्यांना सांगा."

कमिटीच्या नावांचा बोर्ड अजून लागलेला नाही. मुलांनी झाकणावर रंगाने लिहिलं आहे: "हे पाणी मालन व पोपट यांनी बदलले. पुन्हा बदलू नये."

परवाच्या शनिवारी तिघे वेळेआधी आले आणि माझ्या मोरीसमोर ओळीने उभे राहिले. मी तीनही कळश्या ओट्यावरून हलवल्या नाहीत. त्यातल्याच पाण्याचं आधण ठेवलं. तेवढ्यात मालन जिना झाडून चहाला आली. तिने भांडं पाहिलं, कळश्या पाहिल्या.

"बाई, ह्ये कालचंच ना?"

"परवाचं. गुरुवारचं."

"मग माझ्या कपाला नळाचं घ्या."

मी दुसरं भांडं नळाखाली धरलं. बारवीच्या धरणातून आलेलं, गेल्या जुलैतल्या पावसाचं पाणी भरू लागलं. ऋजुताने हात वर केला. मी मान हलवून तिला थांबवलं. काही गोष्टी चहा झाल्यावर शिकवाव्यात.